सोलफुल जॅझ, फंक आणि डीप हाउस एकाच मिक्समध्ये बांधताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संग्रहात सत्तरच्या दशकातील जॅझ-फंक, काही सोल आणि नव्वदीनंतरचे डीप हाउस यांचे ट्रॅक भरपूर आहेत. सॉफ्टवेअर दाखवते ते बीपीएम (मिनिटाला किती मात्रा) आणि ती स्वरपट्टी जुळवून नव्वद मिनिटांचे मिक्स तयार केले, तरी ऐकताना तीन निरनिराळ्या मिक्सचे तुकडे एकामागे एक ठेवल्यासारखे वाटते. असे का होते आणि त्यावर उपाय काय?

माझ्या मते अडचण जुळवणीत नसून निवडीच्या क्रमात आहे. बहुतेक जण आधी आवडते ट्रॅक निवडतात, त्यांची शैलीनुसार विभागणी करतात आणि ते एकमेकांना जोडायचे कसे, हा विचार सर्वांत शेवटी करतात. या प्रकारचे मिक्स उलट्या दिशेने बांधावे लागते. आधी सांधे ठरवावेत आणि मग त्या सांध्यांच्या दोन्ही बाजूंना काय बसते ते पाहावे. या तिन्ही संगीतांना एकत्र धरणारी गोष्ट म्हणजे बेस, ड्रम आणि त्यांच्यावर कॉर्ड धरणारे कीबोर्ड यांचे आपसातील नाते होय. ज्या दोन ट्रॅकमध्ये हे नाते सारखे असते, ते वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने ध्वनिमुद्रित झालेले असले तरी एकाच बैठकीतले वाटतात. आणि ज्यांच्यात ते नसते, ते बीपीएम दशांशापर्यंत जुळवूनही परकेच राहतात.

हे नाते कुठून आले, हे ठाऊक असले की निवड सोपी होते, म्हणून थोडा इतिहास सांगतो. जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदाने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १९६७च्या ‘कोल्ड स्वेट’पासून, सगळा भार पहिल्या मात्रेवर आणला. आपल्याकडच्या श्रोत्याला ही कल्पना नवी नाही. प्रत्येक बारची, म्हणजे इथे चार मात्रांच्या गटाची, पहिली मात्रा ही सम, आणि गिटार, ब्रास, बेस सगळे तिच्यापाशी येऊन भेटतात. पुढे १९७३च्या सुमारास फिलाडेल्फियातील ड्रमर अर्ल यंग यांनी किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) चारही मात्रांवर सारखी ठेवून मधल्या अर्ध्या मात्रांवर उघडा हाय-हॅट (झांजांची जोडी) वाजवण्याची पद्धत रूढ केली. डिस्कोचा पाया तो, आणि हाउसचाही तोच. डीजे फ्रँकी नकल्स १९७७ पासून शिकागोच्या ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये जे वाजवत होते, त्यात याच फिलाडेल्फियाच्या आणि न्यूयॉर्कच्या सोल-डिस्को तबकड्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे हाउस हे फंकपासून तुटलेले यंत्रसंगीत नव्हे. वादक निघून गेल्यावर त्यांच्या जागी ड्रम मशीन आणि सिंथेसायझर बसवून पुढे चालू ठेवलेली तीच बैठक आहे.

डीप हाउसचे जनक मानले जाणारे लॅरी हर्ड हे मुळात ड्रमर होते, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. ‘मिस्टर फिंगर्स’ या नावाने १९८६ मध्ये आलेले त्यांचे ‘कॅन यू फील इट’ ऐकताना ड्रमकडे लक्ष न देता केवळ कॉर्ड ऐकावेत. त्यात जॅझ-फंकमध्ये फेंडर रोड्स या विजेच्या पियानोवर वाजत असत तशा सातव्या-नवव्या स्वरापर्यंत पसरलेल्या मायनर कॉर्डचा रंग आहे आणि बेसची ओळ स्वतंत्रपणे बोलते. डीप हाउसमधले ‘डीप’ तिथे आहे. ज्या हाउस ट्रॅकमध्ये केवळ एक-दोन स्वरांचा ठोकळेबाज स्टॅब (तुटक ठोका) आहे, तो कितीही चांगला असला तरी रॉय एअर्स किंवा डोनाल्ड बर्ड यांच्या जॅझ-फंकशेजारी तो बसणार नाही, आणि त्याला बसवण्याचा हट्टही धरू नये.

आता सांध्यांकडे वळतो. प्रत्येक मिक्समध्ये पाच-सहा ट्रॅक असे लागतात की जे दोन्ही बाजूंचे नागरिक आहेत. मी यांना पूल म्हणतो आणि निवडीला यांच्यापासूनच सुरुवात करतो. लॉनी लिस्टन स्मिथ यांचे १९७५चे ‘एक्सपान्शन्स’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. सेसिल मॅकबी यांच्या बेसची एकच आकृती अखंड फिरत राहते, तिच्याभोवती तालवाद्यांची वीण आहे आणि वर विजेचे कीबोर्ड मोकळेपणाने विहार करते. वादक जॅझचे असले तरी रचनेची चाल हाउसची आहे, कारण काहीतरी न बदलता चालू राहते आणि त्याच्यावर हळूहळू थर चढतात. रॉय एअर्स यांच्या १९७७च्या ‘रनिंग अवे’ची प्रकृती अशीच आहे. दुसऱ्या काठावरून पाहिले तर ‘मास्टर्स ॲट वर्क’ या जोडीचा १९९७चा ‘न्यूयोरिकन सोल’ हा अल्बम आहे. लुई वेगा आणि केनी ‘डोप’ गोन्झालेझ या हाउस निर्मात्यांनी त्यात रॉय एअर्स, जॉर्ज बेन्सन, टिटो प्वेन्टे आणि जोसेलिन ब्राउन यांना प्रत्यक्ष वाजवायला आणि गायला बोलावले. एअर्स यांचा सत्तरच्या दशकातील एखादा ट्रॅक आणि या अल्बममधला त्यांचाच ट्रॅक यांना शेजारी ठेवले, की श्रोत्याला काहीही समजावून न सांगता दोन दशकांची ये-जा होते. २००० साली ‘ब्लू नोट’वर आलेला सेंट जर्मेनचा ‘टूरिस्ट’ही अशा कामाला येतो. त्यातल्या ‘रोझ रूज’मध्ये ऐकू येणारा स्त्रीस्वर हा मार्लेना शॉ यांच्या १९७३ मधील मॉन्त्रो महोत्सवातल्या गायनातून घेतलेला आहे. तो ट्रॅक आता अतिपरिचित झाला आहे, त्यामुळे मी स्वतः तो टाळतो. परंतु मार्लेना शॉ यांचे मूळ गायन मिक्समध्ये आणले, तर ओळखीचा तो स्वर मूळ जागी भेटल्याचा आनंद श्रोत्याला मिळतो आणि पुढे हाउसकडे जाण्याची वाटही आपोआप तयार होते.

आपल्याशी खरा धागा असलेला एक पूल बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, म्हणून इथे मुद्दाम सांगतो. मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांनी जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमसाठी १९७१ मध्ये गायन केले, आणि १९७६च्या त्यांच्या ‘द डेव्हिल इज लूज’ अल्बममधले ‘स्पेस टॉक’ हे डीजे डेव्हिड मॅन्क्युसो यांच्या न्यूयॉर्कमधील ‘लॉफ्ट’ या नृत्यमेळ्यात आवडीने वाजवले जात असे. मुक्त जॅझ, सोल आणि नृत्यसंगीत या तिन्हींना स्पर्श करणारी अशी कारकीर्द दुर्मिळ आहे. केवळ मुंबईच्या म्हणून त्यांना मिक्समध्ये घेण्याचे कारण नाही. ‘स्पेस टॉक’चा संथ, तरंगता बेस आणि त्यावर मात्रेच्या किंचित मागे राहणारा आवाज या दोन गोष्टींमुळे तो ट्रॅक फंककडून डीप हाउसकडे जाताना नेमका उपयोगी पडतो.

संग्रहाची नोंद ठेवताना शैलीचे रकाने कामाचे नाहीत. माझ्या नोंदीत प्रत्येक ट्रॅकसमोर बेस कशावर वाजला आहे (उभा डबल बेस, बेस गिटार की सिंथेसायझर), कॉर्ड कोण धरते (रोड्स, पियानो, हॅमंड ऑर्गन की सिंथचा पॅड), हाय-हॅट सरळ आहे की झुलता (मधला ठोका थोडा उशिरा पडणारा), आणि ट्रॅकमध्ये शिरायला व बाहेर पडायला केवळ तालवाद्यांची जागा कुठे आहे, हे लिहिलेले असते. ही नोंद असली की शोध आपोआप योग्य दिशेने होतो. रोड्स आणि बेस गिटार असलेल्या फंक ट्रॅकनंतर रोड्सचा नमुना वापरलेला हाउस ट्रॅक येतो. किक बदलते, बेस बदलतो, पण कॉर्डचा रंग तोच राहतो. एका सांध्यावर या तिघांपैकी एक गोष्ट टिकली तर तो सांधा चालतो आणि दोन टिकल्या तर तो ऐकूच येत नाही. तिन्ही बदलत असतील तर मिश्रण करू नये; तिथे सरळ थांबून नवा ट्रॅक सुरू करावा.

लय हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे आणि सॉफ्टवेअरवरचा विश्वास इथेच दगा देतो. डीप हाउस साधारण ११८ ते १२४ बीपीएमवर असते, तर फंक बहुधा ९५ ते ११५ च्या दरम्यान. १०४चा ट्रॅक १२०ला न्यायचा तर त्याची गती पंधरा टक्क्यांहून अधिक वाढवावी लागेल, आणि ते करू नये. टेक्निक्सच्या एसएल-१२०० टर्नटेबलच्या प्रचलित मॉडेलांवर पिचची मर्यादा अधिक-उणे आठ टक्के असते. ती मर्यादा डिजिटल काळातही स्वतःवर घालून घ्यावी, असा माझा सल्ला आहे. स्वरपट्टी न बदलता गती वाढवण्याची सोय असली तरी चार-पाच टक्क्यांपलीकडे झांजांचा आवाज वाळूसारखा होतो आणि रोड्सची घंटेसारखी कड बोथट होते. सोय न वापरता गती वाढवली तर सहा टक्क्यांना जवळजवळ एक अर्धस्वर चढतो, म्हणजे पांढरी एकचा ट्रॅक काळी एकला जातो, आणि मग स्वरपट्टीचा सगळा हिशेब नव्याने करावा लागतो. त्यापेक्षा दर ट्रॅकमागे दीड-दोन बीपीएमची चढण ठेवावी. सात-आठ ट्रॅकमध्ये १०४ वरून ११८ वर पोहोचता येते आणि श्रोत्याला चढ जाणवत नाही.

दुसरा मार्ग लयकारीचा आहे आणि तो पाश्चात्त्य डीजेंपेक्षा आपल्या श्रोत्याला लवकर पटतो. ५८च्या लयीतील जॅझचे संथ गीत ११६च्या हाउसखाली बरोबर निम्म्या लयीत बसते. तीन मात्रांच्या जॅझ वॉल्ट्झसाठी दीडपटीचा, म्हणजे आडाचा हिशेब लावावा. १८०च्या गतीतील वॉल्ट्झचा एक बार एका सेकंदाचा असतो, आणि १२०च्या हाउसमधल्या दोन मात्रा तेवढाच वेळ घेतात. तीनास दोन असे हे गणित आठ-दहा सेकंद एकत्र ऐकू आले की कान ते स्वीकारतात, मात्र त्या काळात हाउसकडून केवळ किक आणि शेकर असावा, बेस अजिबात नसावा.

सत्तरच्या दशकातील ट्रॅकमध्ये माणूस ड्रम वाजवतो आहे, हे विसरू नये. एकाच ट्रॅकमध्ये दोन-तीन बीपीएमची घटवाढ सहज होते. ध्रुवपदात लय किंचित चढते, सोलो संपताना ती बसते. हा दोष समजून प्रत्येक मात्रा सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर, म्हणजे समान अंतरांच्या रेषांवर, खिळवली की ट्रॅकचा प्राण जातो. एबलटनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर चार किंवा आठ बारांच्या पहिल्या मात्रेवरच खूण लावावी आणि आतल्या मात्रा जशा आहेत तशा राहू द्याव्यात. त्याहून चांगली पद्धत अशी की सांध्याच्या सोळा बारांपुरती प्रकल्पाचीच गती जिवंत ड्रमरच्या मागे चालवावी. यंत्राने माणसाच्या मागे चालावे, माणसाला यंत्राच्या मागे ओढू नये. हाउस ट्रॅकची गती अर्ध्या बीपीएमने हलल्याचे कोणाला कळत नाही, पण जिवंत ड्रमचा झोल सरळ केल्याचे न सांगता कळते.

किक जुळूनही सांधा खडखडतो, त्याचे कारण बहुतेक वेळा झुलणे असते. १२० बीपीएमवर अर्धी मात्रा २५० मिलिसेकंदांची असते. सरळ हाय-हॅटमध्ये तिचे दोन समान भाग होतात, म्हणजे दुसरा ठोका १२५व्या मिलिसेकंदाला पडतो. ५८ टक्के झुलवलेल्या हाय-हॅटमध्ये तोच ठोका १४५व्या मिलिसेकंदाला येतो. हा वीस मिलिसेकंदांचा फरक दोन हाय-हॅट एकत्र वाजताना दुहेरी टकटकीसारखा ऐकू येतो आणि श्रोत्याला नेमके काय खटकले ते सांगता येत नाही. उपाय साधा आहे: दोन्ही ट्रॅक एकत्र असताना एकाचाच वरचा पट्टा, म्हणजे तीक्ष्ण आवाजांचा भाग, उघडा ठेवावा. बहुतेक जण ईक्यूने (हे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) केवळ खालचा पट्टा बदलतात. जॅझ आणि हाउसच्या सांध्यावर वरच्या पट्ट्याची अदलाबदल तितकीच आवश्यक असते.

स्वरपट्टीबाबतही असेच आहे. डीजे स्वरपट्ट्यांना क्रमांक देण्यासाठी वापरतात त्या कॅमेलॉट चक्रात डी मायनर म्हणजे ‘७ए’. सॉफ्टवेअर दोन्ही ट्रॅकना ‘७ए’ म्हणते, आणि तरी ते एकमेकांवर आदळतात. जॅझ-फंकचा मोठा भाग डोरियन पद्धतीत आहे, ज्याची स्वररचना आपल्या काफी थाटाशी जुळते: गंधार-निषाद कोमल, धैवत शुद्ध. अनेक हाउस ट्रॅक मात्र नैसर्गिक मायनरमध्ये, म्हणजे आसावरी थाटाच्या स्वरांत असतात, जिथे धैवतही कोमल आहे. षड्ज एकच असूनही दोन धैवत एकाच वेळी वाजू लागतात. सॉफ्टवेअर हा भेद करत नाही. संवादिनीवर किंवा साध्या कीबोर्डवर धैवत तपासायला अर्धे मिनिट पुरते. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९च्या ‘सो व्हॉट’मध्ये ३२ बारांच्या आवर्तनातले मधले आठ बार अख्खे अर्धस्वर वर चढतात, म्हणजे पांढरी दोनवरून काळी दोनवर जातात. सॉफ्टवेअर अशा रचनेलाही एकच पट्टी देते. त्या आठ बारांवर दुसरा ट्रॅक चढवला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय जुन्या तबकड्या अनेकदा प्रमाण स्वरापेक्षा किंचित चढ्या किंवा उतरत्या असतात, त्यामुळे पट्टी तीच असूनही दोन रोड्स एकत्र बेसूर लागू शकतात. अशा वेळी कॉर्डवर कॉर्ड ठेवूच नये.

बारांची मोजणी हाउसमध्ये सोपी असते. चार बारांच्या सोळा मात्रा, त्रितालाच्या एका आवर्तनाएवढ्या. आणि बदल बहुधा सोळा किंवा बत्तीस बारांनंतर होतात. ब्लूजवर आधारलेल्या जॅझ-फंकमध्ये आवर्तन बारा बारांचे असते. १२० बीपीएमवर बारा बार चोवीस सेकंदांचे आणि सोळा बार बत्तीस सेकंदांचे होतात. दोघे पुन्हा एका समेवर भेटायला ४८ बार, म्हणजे ९६ सेकंद लागतात. एवढे लांब मिश्रण करण्याची तयारी नसेल, तर बारा बारांचे आवर्तन पूर्ण होऊ द्यावे आणि त्याच्या समेवरच हाउसची किक आणावी. जॅझमध्ये शिरायचे असेल तर सोलोच्या मध्यावर कधीही शिरू नये. सोलो ही वाढत जाणारी बढत आहे, तिच्या ऐन रंगात दुसरे काही आणणे हा वादकाचा अनादर आहे. मुख्य धून परत आल्यावर बाहेर पडावे. हर्बी हॅन्कॉक यांच्या १९७३च्या ‘हेड हंटर्स’मधला ‘कमेलियन’ पंधरा मिनिटांहून मोठा आहे आणि त्याचे दोन स्वभाव आहेत: आधी सिंथेसायझरच्या बेसवर चालणारा भारदस्त फंक, मग रोड्सचा मोकळा, हलका भाग. तो पूर्ण वाजवायला जागा नसेल तर त्यातला एकच भाग घ्यावा, दोन्हींचे तुकडे जोडून सहा मिनिटांचे काहीतरी बनवू नये.

इथे मॅन्क्युसो यांची आठवण पुन्हा होते. १९७० साली सुरू केलेल्या ‘लॉफ्ट’मध्ये ते पुढे पुढे मिश्रण करणेच सोडून देऊन प्रत्येक तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवू लागले. हे टोक सगळ्यांनी गाठावे असे मी म्हणणार नाही, पण नव्वद मिनिटांत दोन-तीन सांधे असे असावेत जिथे काहीच मिसळलेले नाही. एक ट्रॅक संपतो, श्वासाएवढा अवकाश जातो आणि दुसरा सुरू होतो. तिन्ही संगीतांतला फरक लपवणे हा मिक्सचा हेतू नसतो, आणि सलग गुळगुळीत मिश्रणाने कान तासाभरात बधिर होतात.

आवाजाच्या पातळीचा प्रश्न निराळा आहे. सत्तरच्या दशकातील ध्वनिमुद्रणे सध्याच्या हाउसपेक्षा ऐकायला पाच-सहा डेसिबल हळू असू शकतात आणि त्यांत हळू-मोठ्याचा पल्ला जास्त असतो. जुन्या ट्रॅकला लिमिटर (शिखरे दाबणारे साधन) लावून वर आणण्याऐवजी नवा ट्रॅक खाली घ्यावा. संपूर्ण मिक्स -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचे माप) आसपास ठेवले आणि सर्वोच्च शिखर -१ डेसिबलच्या खाली ठेवले तर दोन्हींना न्याय मिळतो. हाउसवरून जुन्या फंकवर येताना मात्र पातळी जुळूनही जमीन सरकल्यासारखे वाटते, कारण हाउसची किक ५०-६० हर्ट्झजवळ ठाण मांडून असते आणि जुन्या मुद्रणातली किक मऊ, थोडी वरच्या पट्ट्यात असते. इथे जुन्या ट्रॅकमध्ये ६० ते ८० हर्ट्झदरम्यान दोन-तीन डेसिबलचा आधार द्यावा आणि त्याआधीच्या हाउसचा खालचा पट्टा शेवटच्या सोळा बारांत हळूहळू सोडत आणावा, म्हणजे कमतरता अचानक भासत नाही. जॅझ ट्रॅकच्या खाली सलग किक घालून त्याचे हाउस बनवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे ‘एडिट’ बाजारात भरपूर आहेत आणि त्यातले बहुतेक वाईट आहेत. डबल बेस आणि किक एकाच पट्ट्यात भांडतात आणि हरतो तो नेहमी बेस.

गायनाबद्दल एकच नियम आहे: दोन आवाज एकावेळी नकोत. सोल आणि गॉस्पेलच्या परंपरेतून आलेला गायक मात्रेच्या किंचित मागे राहून गातो. हे मागे राहणेच ‘सोलफुल’ या विशेषणाचा मोठा भाग आहे, आणि त्यासाठी खालचा ताल घट्ट व स्वच्छ असावा लागतो. सलग तीन गाणी गायनाची झाली की पुढचे वाद्यसंगीताचे घ्यावे, शक्यतो बासरी, व्हायब्राफोन किंवा सॅक्सोफोनचे, म्हणजे गाणाऱ्याची जागा रिकामी न वाटता दुसऱ्या कोणाला तरी मिळते.

एकूण आराखड्याबद्दल माझे मत रूढ पद्धतीहून थोडे वेगळे आहे. संथ जॅझने आरंभ, मध्ये फंक आणि शेवटी हाउस, अशी जिन्यासारखी चढण बहुतेक मिक्समध्ये असते आणि नेमकी तीच तीन तुकड्यांची जाणीव निर्माण करते. त्याऐवजी पहिल्या बारा-पंधरा मिनिटांतच तिन्ही प्रकार एकेकदा ऐकू यावेत. निम्म्या लयीचे जॅझ गीत, त्यावरून दुप्पट लयीने उगवणारे संथ डीप हाउस आणि तिथून मिश्रण न करता सरळ फंक, एवढे झाले की श्रोत्याला आवाका कळतो आणि पुढे कोणताही बदल त्याला धक्का वाटत नाही. नव्वद मिनिटांत सोळा-सतरा ट्रॅक बसतात. फंक आणि जॅझ-फंकचा पट्टा मिनिटांचा कंजूषपणा न करता अर्ध्या तासापर्यंत चालू द्यावा, पुलांवरून ११८ पर्यंत यावे आणि हाउसच्या भागात साधारण साठाव्या मिनिटाला एक अस्सल जॅझ ट्रॅक मध्येच ठेवावा. तो धोक्याचा क्षण असतो. तिथे डेट्रॉइटच्या मूडीमॅन किंवा थिओ पॅरिश यांच्यासारख्या निर्मात्यांचे संगीत उपयोगी पडते, कारण त्यांच्या खरखरीत, जुन्या तबकड्यांतून उचललेल्या आवाजामुळे हाउस आणि जॅझ ध्वनिमुद्रण यांच्या पोतातला फरक आधीच कमी झालेला असतो. हाउसवरून जॅझवर आणि पुन्हा हाउसवर, हा प्रवास साधला तर उरलेले मिक्स स्वतःला सांभाळते.

आराखडा तयार झाल्यावर सगळे सांधे अतिशय कमी आवाजात ऐकावेत. मोठ्या आवाजात किक सगळे झाकते. हळू आवाजात बेस एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्ये पोकळी पडली, तर ती लगेच उघडी पडते. ज्या ट्रॅकला दोन्ही शेजारी मानवत नाहीत, तो कितीही लाडका असला तरी काढावा आणि पुढच्या मिक्ससाठी ठेवावा. मिक्ससोबत जी ट्रॅकसूची द्याल, तिच्यात कलाकार आणि वर्षाबरोबर बेस व ड्रम कोणी वाजवले आहेत तेही लिहावे. ही माहिती जुन्या तबकड्यांच्या वेष्टनावर बहुधा छापलेली असते, आणि ती गोळा करताना एकाच बेसवादकाने वाजवलेले, पण आपल्या संग्रहात निरनिराळ्या रकान्यांत पडलेले ट्रॅक सापडतात. माझे अनेक पूल असेच मिळाले आहेत.